सराटा, तार आणि अरुंद टायर

सोलापूर - शहरातून तुळजापूर, अक्कलकोट, मोहोळ किंवा विजयपूरच्या दिशेने बाहेर पडले, की थोड्या थोड्या अंतरावर रस्त्याकडेला जुना टायर टांगलेले पंक्चरचे दुकान दिसते. ट्रक असो, ट्रॅक्टर असो वा मोटारसायकल, तेथे अडचण दूर होते. मात्र, वळलेल्या हँडलची आणि अरुंद टायरची 'रोड बाईक' घेऊन पहाटे निघालेल्या सायकलस्वारावर त्याच दुकानासमोरून सायकल ढकलत जाण्याची वेळ येऊ शकते. यात दुकानदाराचा दोष नाही. त्याच्याकडील ट्यूब या चाकात बसत नाही आणि त्याच्या पंपाचे तोंड या व्हॉल्व्हवर बसत नाही.

गिरण्यांच्या भोंग्यावर चालणाऱ्या सोलापुरात सायकल हे कामगारांचे वाहन होते. त्या काळ्या, दणकट सायकलींचे टायर दीड इंच रुंद असत आणि त्यांच्या ट्यूबला बारीक रबरी नळी चढवलेला जाडसर व्हॉल्व्ह असे. कोपऱ्यावरच्या दुकानात त्यासाठी लागणारे सारे काही मिळे. रोड बाईकचा टायर २५ ते ३२ मिलिमीटर रुंदीचा असतो. तिचा व्हॉल्व्ह सडपातळ असतो, त्याला 'प्रेस्टा' म्हणतात. त्यासाठी रिमला पाडलेले छिद्र साधारण साडेसहा मिलिमीटरचे असते, तर जुन्या सायकलच्या व्हॉल्व्हला सुमारे साडेआठ मिलिमीटर जागा लागते. म्हणजे दुकानातील ट्यूब फुकट मिळाली तरी तिचा व्हॉल्व्ह रिममधून बाहेरच येणार नाही. महागड्या सायकलींच्या खरेदीच्या वेळी गिअर, वजन, रंग यांची चर्चा तासन् तास होते. या दोन मिलिमीटरचा विषय सहसा निघत नाही.

सोलापूर परिसरातील रस्त्यांवर पंक्चर होण्याची कारणेही ओळखून असावीत. गावाकडच्या रस्त्यांवर बाभळीचे आणि वेड्या बाभळीचे काटे असतात. बांधाच्या कुंपणासाठी तोडलेल्या फांद्या ओढत नेल्या, की रस्ताभर त्यांची पेरणी होते. सराटा हा त्याहून चिवट शत्रू. पावसाळ्यात जमिनीलगत पसरणाऱ्या, पिवळ्या फुलांच्या या वेलीची फळे पाऊस सरल्यावर वाळून कडक होतात आणि कशीही पडली तरी त्यांचा एखादा काटा वरच राहतो. म्हणूनच रस्त्याची डांबरी कड सोडून मातीत सायकल उतरवताना, अगदी छायाचित्र काढण्यासाठी थांबतानाही, सायकल उचलून नेणे चांगले.

पुणे-सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचा धोका वेगळा आहे. फुटलेल्या ट्रक-टायरच्या चिंधड्या कडेच्या पट्ट्यावर पडलेल्या असतात. रेडियल टायरच्या रबरात पोलादी तारांचे जाळे असते. रबर झिजले, की या तारांचे सेंटिमीटरभर लांबीचे बारीक तुकडे मोकळे होतात आणि अवजड वाहनांच्या वाऱ्याने कडेला साचतात. सायकलस्वाराला नेमका तोच पट्टा वापरावा लागतो. असा तुकडा टायरमध्ये शिरला, की एकदम 'फुस्स' होत नाही. हवा हळूहळू उतरते. चाक जड लागू लागते, वळणावर मागील भाग लचकतो. स्वाराला वाटते, आज दम लवकर लागला.

नवी ट्यूब घातल्यावर दोन किलोमीटरवर पुन्हा चाक बसते, तेव्हा त्यामागे बहुधा हीच तार असते. बाहेरून ती दिसत नाही. टायर गोल फिरून वजन आले, की तेवढ्यापुरती आत टोचते. म्हणून ट्यूब बदलण्यापेक्षा पंक्चरचे कारण शोधणे महत्त्वाचे. घाईत बहुतेक जण नेमके हेच टाळतात. त्यासाठी एक सोपी युक्ती आहे. टायर रिमवर चढवताना त्यावरील कंपनीचे नाव नेहमी व्हॉल्व्हच्या समोर येईल असे ठेवावे. पंक्चर झाल्यावर काढलेल्या ट्यूबमध्ये थोडी हवा भरून ती गालाजवळ फिरवली, की हवेची झुळूक लागते. छिद्र व्हॉल्व्हपासून किती वीत अंतरावर आहे हे पाहून टायरवर नावापासून दोन्ही बाजूंना तेवढ्याच अंतरावर शोध घ्यावा. आतील बाजूने बोट फिरवण्याआधी कापडाचा तुकडा फिरवावा. तार असेल तर धागा अडकतो आणि बोट वाचते. ती नखाने निघत नाही. भुवया कोरण्याचा छोटा चिमटा जवळ असल्यास अर्ध्या मिनिटाचे काम असते.

ट्यूबवर शेजारी शेजारी दोन छिद्रे दिसली, तर काटा शोधण्यात वेळ घालवू नये. खड्ड्यात चाक आदळून ट्यूब रिमच्या दोन कडांमध्ये चिमटल्याची ती खूण आहे आणि त्याचे मूळ कमी हवेत असते. अरुंद टायरमधील हवा आठवडाभरात आपोआप बरीच उतरते. त्यामुळे निघण्यापूर्वी दाबमापक असलेल्या उभ्या पंपाने हवा तपासणे हा पंक्चर टाळण्याचा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. टायरच्या कडेवर छापलेली कमाल मर्यादा ओलांडू नये आणि ती गाठण्याचा अट्टहासही करू नये.

सोबत काय असावे? दोन ट्यूब, टायर काढण्याच्या दोन प्लास्टिकच्या पट्ट्या, छोटा हातपंप, पॅच, पॉलिश पेपर आणि सोल्युशन. एवढे सामान सीटखालच्या पिशवीत मावते. कार्बन डायऑक्साइडची १६ ग्रॅमची नळकांडी काही सेकंदांत चाक टणक करते. मात्र, ती एकदाच चालते आणि हा वायू रबरातून साध्या हवेपेक्षा लवकर झिरपतो. पंप नेण्याऐवजी फक्त नळकांडी नेणे हा जुगार आहे. टायर चिरला असेल, तर आतून लावायला जुन्या टायरचा बोटभर तुकडा ठेवावा. घडी घातलेली दहा रुपयांची नोटही घरापर्यंत पोहोचवते. सोल्युशनची नळी एकदा उघडली, की सोलापूरच्या उन्हाळ्यात ती पिशवीतल्या पिशवीत केव्हा वाळते ते कळत नाही. गरजेच्या वेळी नळी दाबावी आणि काहीच बाहेर येऊ नये, याला इलाज नाही. न उघडलेली नवी नळी ठेवणे इष्ट.

या साऱ्याला जोडून एक पितळी अ‍ॅडाप्टर जरूर घ्यावा. नखाएवढा हा तुकडा प्रेस्टा व्हॉल्व्हवर चढवला, की मोटारसायकलची हवा भरणारे कोणतेही यंत्र चालते. रस्त्याकडेची सर्व दुकाने त्यामुळे पुन्हा उपयोगी पडतात. फक्त ट्रकसाठीच्या कॉम्प्रेसरने हवा थोडी थोडी, थांबून थांबून भरण्यास सांगावे. अरुंद ट्यूबमध्ये फारच थोडी हवा मावते आणि क्षणाचा उशीरही ती फोडू शकतो.

एप्रिल-मेमध्ये येथे पारा चाळिशी ओलांडतो. उन्हात उभी केलेली सायकल आपोआप फुटते, ही भीती बरीचशी अतिरंजित आहे. २५ अंशांवर भरलेली हवा ५० अंशांपर्यंत तापली, तरी दाब साधारण एक दशांशानेच वाढतो. खरा धोका स्वाराला आहे. सराव असलेल्या व्यक्तीला ट्यूब बदलण्यास दहा-पंधरा मिनिटे लागतात. हे काम कधीच न केलेल्याला तास पुरत नाही. सकाळी अकराच्या उन्हात, सावली नसलेल्या माळावर आणि बाटलीत अर्धेच पाणी उरले असताना हा फरक जिवावर बेतू शकतो. त्यामुळे पहिले पंक्चर घरच्या अंगणात, मागचे चाक मुद्दाम काढून 'करून' पाहावे. टायर चढवताना शेवटचा भाग व्हॉल्व्हजवळ यावा आणि तो पट्टीने न रेटता अंगठ्यांनी बसवावा. पट्टीने रेटल्यास नवी ट्यूब तेथेच चिमटते. तेलावर चालणारे डिस्क ब्रेक असल्यास चाक बाहेर असताना ब्रेक दाबू नये.

महामार्गावर थांबण्याची जागा हाही महत्त्वाचा प्रश्न आहे. चाक बसल्याचे लक्षात येताच कडेच्या पट्ट्यावरच बसकण मारणारे अनेक जण दिसतात. तो पट्टा बंद पडलेल्या वाहनांचा असतो, तसाच डुलकी लागलेल्या चालकाचाही. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या पहाटेच्या अंधारात त्याच कडेने येतात. चार पावले चालून संरक्षक कठड्यापलीकडे, मागचा दिवा चालू ठेवून बसणे श्रेयस्कर. तुळजापूरचा घाट उतरताना पुढचे चाक बसले, तर पुढचा ब्रेक दाबू नये. मागच्या ब्रेकने, सरळ रेषेत वेग कमी करावा.

स्वतःचे पंक्चर स्वतः काढण्याची परंपरा जुनी आहे. बेलफास्टमध्ये पशुवैद्यक असलेल्या जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये हवेच्या टायरचे पेटंट घेतले, तेव्हा टायर रिमला चिकटवलेला असे आणि दुरुस्तीला कित्येक तास लागत. मिशलँ बंधूंनी १८९१ मध्ये सुटा होणारा टायर आणला. त्याच वर्षी तो वापरून शार्ल तेराँ याने पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही दीर्घ शर्यत जिंकली. आज त्याच परंपरेतल्या 'ब्रेव्हे' राईड भारतातही होतात. २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास मिळतात, ठरलेली ठिकाणे सोडून वाटेत कोणाची गाडी मदतीला चालत नाही आणि पंक्चरसाठी वेळ वाढवून मिळत नाही.

ट्यूबलेस टायरमध्ये घातलेला द्रव बारीक छिद्रे आपोआप बुजवतो आणि सराट्यांच्या प्रदेशात त्याचा निश्चित फायदा होतो. मात्र, उष्णतेने तो लवकर सुकतो. दोन-तीन महिन्यांनी पाहणी करावी लागते. मोठी चीर तो बुजवू शकत नाही, म्हणून ट्यूबलेसवाल्याच्या पिशवीतही एक ट्यूब हवीच.

घरी परतल्यावर पंक्चर ट्यूब फेकू नये. पाण्याने भरलेल्या बादलीत बुडबुडे पाहून छिद्रावर खूण करावी, जागा पुसून कोरडी करावी, पॉलिश पेपरने घासावी, सोल्युशन लावून ते पूर्ण सुकू द्यावे आणि मगच पॅच दाबावा. दुसऱ्या दिवशीही हवा टिकलेली असेल, तर ट्यूब टाल्कम पावडर लावून, घट्ट गुंडाळून पुन्हा पिशवीत ठेवावी. नळकांड्यातील वायूने भरलेल्या चाकातील हवाही त्याच वेळी काढून पंपाने नव्याने भरावी.