डेटा वेअरहाऊस : वेगाआधी मीटर पाहा
– प्रतिनिधी

दिवाळीची खरेदी नक्की करताना कापड दुकानांच्या एखाद्या साखळीच्या मालकाला साधाच प्रश्न पडतो. गेल्या तीन वर्षांत दसऱ्यानंतर कोणत्या शाखेत कोणत्या मापाचे शर्ट खपले? हा प्रश्न बिलिंगच्या संगणकाला विचारला, तर काउंटरवरची रांग थबकण्याची भीती. ती यंत्रणा एकेक पावती झटपट नोंदविण्यासाठी बांधलेली असते. लाखो पावत्या एकदम चाळणे हे तिचे काम नव्हे. म्हणून व्यवहार एकीकडे आणि विश्लेषणासाठी माहितीचे कोठार दुसरीकडे, अशी विभागणी केली जाते. या कोठारालाच डेटा वेअरहाऊस म्हणतात.

पूर्वी असे कोठार उभारायचे म्हणजे स्वतःची महागडी यंत्रे हवीत. ते मोठ्या बँका व दूरसंचार कंपन्यांनाच परवडे. गुगलने २०१० मध्ये बिगक्वेरी आणि अॅमेझॉनने २०१२ मध्ये रेडशिफ्ट जाहीर केले, तर २०१४ मध्ये स्नोफ्लेक ही स्वतंत्र कंपनी बाजारात उतरली. मायक्रोसॉफ्टची याच क्षेत्रातील सेवा अनेकदा नाव बदलून २०२३ पासून फॅब्रिक या छत्राखाली आली आहे. यंत्रे आता भाड्याने मिळतात, तीही मुंबई-पुण्यातील डेटा सेंटरमधून.

विक्रेते बोलतात ते वेगाविषयी. वास्तविक वेगाच्या मुळाशी असलेली युक्ती चौघांचीही सारखीच आहे. माहिती ओळीने न साठवता रकान्याने साठवायची, म्हणजे विक्रीची बेरीज हवी असेल तेव्हा ग्राहकाचे नाव-पत्ता वाचावा लागत नाही. मध्यम आकाराच्या उद्योगाला या वेगांतील फरक फारसा जाणवणारही नाही. जाणवते ते बिल, आणि बिलाची पद्धत मात्र प्रत्येकाची निराळी.

बिगक्वेरीची मूळ पद्धत रिक्षाच्या मीटरसारखी, अंतरावर पैसे. प्रश्नाचे उत्तर काढताना जेवढी माहिती वाचली गेली, तेवढ्याचे शुल्क. अमेरिकेतील दर जुलै २०२३ पासून टेराबाइटमागे ६.२५ डॉलर असून महिन्यातील पहिले टेराबाइट मोफत असते. महिन्यातून चार अहवाल काढणाऱ्याला हे जवळजवळ फुकट पडते. पण समजा, एक आलेख उघडताना शंभर गिगाबाइट वाचले जातात आणि तो दर दहा मिनिटांनी ताजा होतो. दहा तासांत साठ वेळा, म्हणजे सहा टेराबाइट. दिवसाला साडेसदतीस डॉलर. सव्वीस दिवसांत ही रक्कम पावणेदहाशे डॉलरवर जाते. नवख्यांची आणखी एक फसगत होते. ‘फक्त दहा ओळी दाखव’ असे सांगितले म्हणून शुल्क कमी होईलच असे नाही, कारण साध्या तक्त्यात पूर्ण रकाना वाचला जातोच. तक्ता तारखेनुसार विभागून ठेवणे आणि हवे तेवढेच रकाने मागणे, हा खरा उपाय. रोजच्या वापरावर मर्यादाही घालता येते. ती पहिल्याच दिवशी घालावी.

स्नोफ्लेकमध्ये अंतराला नव्हे, वेळेला पैसे. सर्वांत लहान यंत्र तासाला एक क्रेडिट खाते, पुढच्या प्रत्येक आकाराला दुप्पट. आकारणी सेकंदावर, मात्र यंत्र सुरू झाले की किमान एक मिनिटाची. गोम आहे ती यंत्र झोपविण्यात. काम संपल्यावर दहा मिनिटे वाट पाहून ते थांबेल, अशी मांडणी असेल आणि दर नऊ मिनिटांनी पाच सेकंदांचा एखादा प्रश्न येत असेल, तर ते दिवसभर जागेच राहते. प्रत्यक्ष काम तेरा मिनिटांचे, बिल चोवीस तासांचे! हीच वाट पाहण्याची मुदत एका मिनिटावर आणली, तर चोवीस क्रेडिटचे काम जेमतेम तीन क्रेडिटमध्ये होते.

रेडशिफ्ट मूळचे महिन्याच्या करारावर ठेवलेल्या गाडीसारखे. यंत्र ताशी भाड्याने. वापरा अथवा नका वापरू. एक वा तीन वर्षांची हमी दिली की सवलत मिळते. दिवसरात्र सारखा भार असणाऱ्याला हे सोयीचे. वापरापुरतेच शुल्क घेणारा प्रकार अॅमेझॉनने २०२२ मध्ये खुला केला, पण ज्यांचे काम ठरावीक आहे त्यांना जुनी पद्धत बहुधा स्वस्त पडेल. फॅब्रिकमध्येही ठरावीक क्षमता विकत घ्यावी लागते. कार्यालयात पॉवर बीआयचे अहवाल आधीपासून वापरात असतील, तर त्याचा विचार प्रथम व्हावा.

भारतीय उद्योगाने आणखी दोन गोष्टी तपासायला हव्यात. देयक व्यवहारांची माहिती भारतातच साठवावी, असा रिझर्व्ह बँकेचा एप्रिल २०१८ चा आदेश आहे, आणि वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला. तेव्हा खाते उघडतानाच मुंबई वा पुण्याचे केंद्र निवडावे. दुसरी गोष्ट कुलपाची. २०२४ मध्ये स्नोफ्लेकच्या अनेक ग्राहकांची माहिती चोरीस गेली. चोरांनी यंत्रणा फोडली नव्हती. आधीच चोरलेले पासवर्ड वापरले होते, आणि त्या खात्यांवर दुसऱ्या टप्प्याची पडताळणी नव्हती. कोठार भाड्याचे असले तरी किल्ली आपल्याच हाती असते.

मुळात असे कोठार हवेच का, हेही विचारायला हरकत नाही. सारी माहिती काही गिगाबाइटांत मावत असेल, तर पोस्टग्रेससारख्या मोफत डेटाबेसची वेगळी प्रत विश्लेषणासाठी ठेवली तरी भागते. हा सल्ला विक्रेता सहसा देणार नाही.

घ्यायचेच ठरले, तर बाहेर पडण्याची वाट आधी पाहावी. सेवा पूर्णपणे सोडून जाणाऱ्यांकडून माहिती हलविण्याचे शुल्क न घेण्याचे गुगल, अॅमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनीही २०२४ च्या आरंभी जाहीर केले. तरीही प्रत्येकाच्या एसक्यूएलची बोली थोडी वेगळी असल्याने शेकडो अहवाल नव्याने लिहावे लागतात, आणि तो खर्च कोणत्याही दरपत्रकात नसतो. नेटफ्लिक्समध्ये जन्मलेली आइसबर्ग ही तक्ते साठवण्याची खुली पद्धत आता या सर्व सेवांना वाचता येते. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी निदान मोठे तक्ते तरी त्या पद्धतीत ठेवावेत.