मांडवीकडे पाठ फिरवलेलं शहर

रत्नागिरीत नवखा माणूस आता वरच्या अंगाने येतो. कुवारबावला रेल्वेतून उतरतो, रिक्षाने मारुती मंदिर गाठतो आणि हेच शहर समजतो. जुनी रत्नागिरी मात्र खाली, समुद्राच्या कुशीत आहे. खालची आळी, टिळक आळी, घुडेवठार, राजिवडा, मिरकरवाडा. या शहराचं दार शंभरेक वर्षं मांडवीच्या बंदरात होतं. मुंबईची बोट बाहेर उभी राहायची, चाकरमानी पडावातून किनाऱ्याला लागायचे. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणजे दारही बंद.

इंग्रजांनी १८२२ साली दक्षिण कोकणाचं मुख्य ठाणं बाणकोटहून इथे आणलं, आणि कचेरीपाठोपाठ कारकून, वकील, मास्तर आले. १८२८ मध्ये वाचनालय निघालं. ते आजही चालू आहे. नगरपालिका मात्र १८७६ ची. या गावाला आधी पुस्तकं मिळाली, मग नळ, असं म्हटलं तर रत्नागिरीकर रागावणार नाहीत.

ब्रह्मदेशचा राजा थिबा १८८६ मध्ये इथे आणला गेला, तो याच बंद दारामुळे. समुद्रातून आणायला सोपं, पळून जायला अवघड. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा तयार झाला १९१० साली, आणि १९१६ मध्ये तो वारला. राणी सुपयालत १९१९ ला मायदेशी परतली. थोरली राजकन्या मात्र पुढे रत्नागिरीतच संसार करून राहिली. तिची मुलगी टुटू अस्सल रत्नागिरीकर होऊन जगली, कागदी फुलं करून विकली. राजवाडा पाहायला सगळे जातात. मला मात्र टुटूची गोष्टच मोठी वाटते.

सावरकरांनाही १९२४ मध्ये सरकारने याच जिल्ह्यात अडकवलं, राजकारण न करण्याच्या अटीवर. १९३७ पर्यंतच्या त्या वर्षांत त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध गाव ढवळून काढलं. सर्व जातींच्या हिंदूंना खुलं असं पतितपावन मंदिर १९३१ साली उभं राहिलं. पैसा भागोजीशेठ कीर यांचा. गरीब भंडारी घरातला हा रत्नागिरीचा मुलगा मुंबईत जाऊन बांधकामाचा मोठा कंत्राटदार झाला होता. सरकारने पाठवलेला माणूस आणि पोटासाठी निघून गेलेला माणूस, दोघांनी मिळून हे देऊळ उभं केलं. या शहराचं बरंचसं असंच घडलं आहे.

बाकी गाव आपल्या वेळापत्रकाने चालतं. शिमग्यात बारा वाड्यांच्या भैरीची पालखी निघते, तेव्हा मुंबईतली बिऱ्हाडं ओस पडतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ जातो. राजिवड्यातले दालदी आणि मिरकरवाड्यातले मच्छीमार यांचा दिवस घड्याळावर नाही, भरती-ओहोटीवर ठरतो. हापूसवाल्यांचा ठरतो मोहोरावर. हे दोघं एकदा एका बाजूला उभे राहिले, १९९३ मध्ये. तांबं वितळवण्याचा कारखाना नको म्हणून लोक उठले, आणि तो प्रकल्प तुतिकोरिनला गेला.

१९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि शहराचं तोंड कायमचं डोंगराकडे वळलं. नवी दुकानं, नवे फ्लॅट सगळे वर. मांडवी उरली संध्याकाळच्या फिरण्यापुरती.

थिबा परत गेला नाही. शिवाजीनगरात त्याची समाधी आहे. २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन तिथे येऊन गेले. राणीची समाधी रंगूनला आहे.