दोन पाहण्यांची सांधणी आणि वाशीममधील भाषाभेद

वृत्तपत्रांच्या वाचकांची पाहणी एका संस्थेने करावी व दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांची दुसरीने, अशी आपल्या देशातील रीत आहे. ‘इंडियन रीडरशिप सर्व्हे’ने ज्यांना प्रश्न विचारले ती माणसे निराळी, आणि २०१५ पासून ‘ब्रॉडकास्ट ऑडियन्स रिसर्च कौन्सिल’ ज्यांच्या घरची मोजदाद प्रसिद्ध करू लागली ती निराळी. त्यामुळे अमुक दैनिक वाचणारा मनुष्य रात्री कोणती वाहिनी पाहतो, याचे उत्तर दोहोंपैकी एकीतही सापडत नाही. ते मिळविण्यासाठी दोन्ही पाहण्यांची सांख्यिकीय सांधणी करतात. वय, लिंग, शिक्षण, वस्ती ही दोहोंत नोंदलेली लक्षणे घ्यावयाची. प्रत्येक वाचकाशी ज्याची लक्षणे अधिकांत अधिक जुळतील असा प्रेक्षक शोधावयाचा. आणि त्या ‘दात्या’च्या सवयी वाचकाच्या नावे मांडावयाच्या. जुळणी कितीही नेटकी झाली, तरी तयार होणारा मनुष्य कागदावरचाच होय.

या रीतीच्या पोटात एक गृहीतक आहे : सामायिक लक्षणे सारखी असली, म्हणजे वाचन व प्रेक्षण यांत आणखी संबंध उरत नाही. बेंजामिन ओकनर यांनी अमेरिकेतील उत्पन्नविषयक दोन नोंदींची अशी जोडणी १९७२ साली प्रसिद्ध केली, तेव्हा ख्रिस्तोफर सिम्स यांनी नेमके यावरच बोट ठेविले.

वाशीम जिल्ह्यात हे गृहीतक डळमळू शकते. या वऱ्हाडी मुलखात बंजारा समाजाची वस्ती आहे. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे तर त्या समाजाचे प्रमुख तीर्थक्षेत्र. तांड्यावरची तीस वर्षांची, दहावी झालेली स्त्री आणि शेजारच्या गावातील तितक्याच वयाची व शिक्षणाची वऱ्हाडी स्त्री घ्या. सामायिक लक्षणांत दोघी एकच. दोघी मराठी दैनिक वाचीतही असतील. परंतु पहिलीच्या घरी बंजारा बोली चालते, दुसरीच्या घरी वऱ्हाडी. पडद्यावर दोघी तेच पाहतील, असे धरावयास आधार कोणता? भाषेचा रकाना नसेल, तर दोघींना एकच दाता लाभू शकतो.

रकाना असला म्हणजे भागले, असेही नाही. २०११ च्या जनगणनेत बंजारी व लमाणी या मातृभाषा हिंदीच्या सदराखाली घातलेल्या आहेत. वस्तुतः या बोलीचे जवळचे नाते राजस्थानीशी. तेच वर्गीकरण सांधणीत उचलले, तर तांड्यावरच्या स्त्रीला दूरच्या एखाद्या हिंदीभाषक प्रेक्षकाच्या सवयी चिकटतील. एकूण बेरजा मात्र बरोबर येऊ शकतील, म्हणून ही चूक सहसा दिसत नाही. (जिल्ह्याचा रकानाही जपूनच वापरावा, वाशीम अकोल्यापासून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी.)

उपाय खर्चाचा आहे, अवघड नाही. थोड्याच घरांत, पण त्याच माणसांना, वाचन व प्रेक्षण दोन्ही विचारावे. घरची भाषा बोलणाऱ्याने सांगितलेल्या नावानेच टिपावी. आणि सांधणीचे आकडे त्या नोंदींशी ताडून पाहावेत.