ऑपरेशनआधी डॉक्टरांपासून गोळी लपवू नका

मागच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, “पिशवीच्या ऑपरेशनच्या वेळी उलटी होऊ नये म्हणून मला स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. त्यानं काही बिघडेल का?”

भूल उतरल्यावर मळमळ, उलटी होण्याचा त्रास पुरुषांपेक्षा आपल्याला जास्त होतो. उलटीनं टाक्यांवर ताण येतो. म्हणून भूल देताना पुष्कळदा डेक्सामेथासोनचा एकच डोस देतात, बहुधा ४ ते ८ मिलिग्रॅम. कोविडमध्ये वापरलं, तेच हे औषध.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर एकेक छोटी ग्रंथी असते. आजारपणात, ऑपरेशनमध्ये शरीरावर ताण आला की ती कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक जास्त सोडते. त्यानं रक्तदाब आणि साखर सांभाळली जाते. डेक्सामेथासोन त्याच जातीचं, पण सुमारे २५ पट जोरदार. ते शरीरात गेलं की मेंदू ग्रंथीला सांगतो, “आता थांब.” टँकरनं टाकी भरली तर आपण मोटर बंद ठेवतो ना, तसंच. एका डोसचा असर ओसरला की काही दिवसांत मोटर आपोआप सुरू होते. त्यामुळे ताईंनी घाबरायचं कारण नाही. मधुमेह असेल तर मात्र आधी सांगा, कारण या इंजेक्शननं दिवसभर साखर वाढू शकते.

खरा धोका वेगळाच आहे. गुडघेदुखीसाठी किंवा दम्यासाठी काही जणी महिनोन्महिने स्टेरॉइडच्या गोळ्या घेतात. कोणी दिलेल्या बिननावाच्या पुडीतही स्टेरॉइड असू शकतं. फार दिवस बंद राहिलेली मोटर जाम होते. मग ऑपरेशनच्या वेळी गरज असूनही ग्रंथी कॉर्टिसॉल देत नाही. रक्तदाब एकदम खाली जातो, जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांना आधी माहीत असेल, तर ते हायड्रोकॉर्टिसोन देऊन ही कमी भरून काढतात.

म्हणून अमरावतीच्या डफरीनला जा की अकोल्याच्या सर्वोपचारला, घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि पुड्या थैलीत घालून न्या. भूल देणाऱ्या डॉक्टरांना दाखवा. “रागावतील” म्हणून लपवू नका. आणि भीतीपोटी चालू गोळी मनानं एकदम बंदही करू नका. ती कशी कमी करायची, हे डॉक्टरच सांगतील.

पुढच्या बैठकीत हे शेजारणीलाही सांगाल ना?