घाण्याच्या दारी : तेलाची पारख आणि व्यापाऱ्याचा हिशेब

गव्हाचा दाणा मुठीत घेऊन पाहता येतो, गुळाचा खडा जिभेवर ठेवता येतो, कापडाचा पदर बोटांत चोळता येतो. आपल्या वाडवडिलांनी व्यापार केला तो अशा पारखीच्या बळावर. तेलाची गोष्ट मात्र निराळी आहे. डबा बंद असतो, रंग फसवा असतो, आणि दोन तेले एकदा एकमेकांत मिसळली म्हणजे त्यांना डोळ्यांनी वेगळे करणे कोणालाही साधत नाही. म्हणूनच तेलाच्या व्यापारात विकणाऱ्याच्या शब्दाला जितके मोल आहे, तितके क्वचितच अन्य जिनसेत असेल.

काही काळापूर्वी प्रस्तुत लेखकाने एका दुकानातून ‘लाकडी घाण्याचे शेंगदाणा तेल’ म्हणून एक डबा घरी आणला. भाव बाजारापेक्षा बराच कमी होता आणि त्याचा आनंदही झाला होता. परंतु फोडणी पडली तरी स्वयंपाकघरात शेंगांचा वास म्हणून दरवळला नाही. ‘हे तेल शेंगांचे नव्हे,’ असा निवाडा घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांनी त्याच क्षणी दिला. आयुष्यभर व्यापार करूनही ही गोष्ट भाव ऐकतानाच आपल्या ध्यानी कशी आली नाही, ही रुखरुख मनाला लागून राहिली. तेव्हा तेल जेथे निघते तेथेच जाऊन ते पाहावे, असे ठरविले.

युरोपात ही रीत जुनी आहे. इटली, स्पेन, ग्रीस या देशांत ऑलिव्हची फळे शरद ऋतूत उतरू लागली, की पिढीजात तेलघाणे चालविणारी अनेक कुटुंबे पाहुण्यांना घाणा दाखवितात आणि ताजे तेल चाखावयास देतात. तेथील अधिकृत परीक्षक तेल निळ्या काचेच्या पेल्यात घेतात. तेलाच्या रंगावरून मत बनू नये, हा त्यामागील हेतू. पेला हातांत धरून किंचित उबदार केला जातो, आधी वास घेतला जातो, मग घोट. फळाचा सुगंध, कडवटपणा आणि घशाशी जाणवणारा तिखटपणा हे तेथे गुण मानले जातात. खवटपणा आणि कुबट वास हे दोष. सर्वोच्च प्रतीच्या तेलास रसायनांचा स्पर्श नसावा, ते केवळ यांत्रिक दाबाने वा तत्सम भौतिक रीतीने निघालेले असावे आणि त्यातील मुक्त आम्लाचे प्रमाण शेकडा ०.८ हून अधिक नसावे, असा दंडक आहे. ऑलिव्ह हे काही आपल्या सीमाभागाचे पीक नव्हे. तथापि शेंगा, करडई आणि तीळ आपल्या मातीतले आहेत आणि घाणाही आपलाच आहे. जे शिक्षण तेथे मिळते ते येथेही मिळावयास अडचण नाही.

बेळगावहून काकती, हत्तरगी, संकेश्वर मागे टाकीत महामार्गाने निपाणीकडे निघाले, की पाऊणशे किलोमीटरच्या आसपास प्रवास होतो. निपाणी म्हटले की तंबाखू आठवावी, ही जुनी सवय. परंतु या पट्ट्यात शेंगांचीही शेती आहे. भुईमुगाला येथे मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारे लोक ‘शेंगा’च म्हणतात. घाण्याला मात्र कन्नडात ‘गाण’ म्हणतात आणि करडईला ‘कुसुबी’. निपाणीच्या आसपासच्या एका खेड्यात असा एक कुटुंबाचा घाणा आहे. घरातील वडील, ज्यांना सारा गाव ‘अण्णा’ म्हणतो, त्यांचे दोन मुलगे आणि सुना मिळून तो चालवितात. निरोप धाडताच अण्णांचे उत्तर आले, “अवश्य या. पण सकाळी या. दाणे निवडताना बघितलं तर पुढचं सगळं समजतंय.”

आम्ही पोहोचलो तेव्हा दोन्ही सुना अंगणात सुपे घेऊन बसल्या होत्या. शेंगा फोडण्याच्या यंत्रातून आलेले दाणे प्रथम चाळले जातात. मग माती, खडे, किडके, सुरकुतलेले आणि काळपट-हिरवट बुरशी धरलेले दाणे हाताने वेगळे काढले जातात. हे काम वेळखाऊ आहे आणि दिसायला क्षुल्लक. घाणा फिरताना पाहावयास लोक येतात, निवडण पाहावयास कोणी येत नाही, असे थोरल्या वहिनी हसत म्हणाल्या. वस्तुतः सारी कळ याच सुपात आहे.

त्याचे कारण ध्यानात घेण्यासारखे आहे. १९६० साली इंग्लंडमध्ये एका लाखाहून अधिक टर्की पक्षी एकाएकी मेले. शोधाअंती असे आढळले, की त्यांच्या खाद्यातील शेंगदाण्याच्या पेंडीला एका बुरशीची लागण झालेली होती आणि त्या बुरशीने निर्माण केलेले विष त्यांना भोवले होते. त्या विषाला पुढे ‘अफ्लाटॉक्सिन’ हे नाव पडले. ते यकृताला घातक आहे, दीर्घकाळ पोटात गेल्यास कर्करोगास कारण होते आणि स्वयंपाकाच्या उष्णतेने पुरते नष्ट होत नाही. दाणे ओलसर राहिले अथवा कोंदट जागी साठविले, की ही बुरशी धरते. घाण्यात त्या विषाचा मोठा भाग पेंडीत उतरतो, थोडा तेलातही राहतो. पेंड दुभत्या जनावरांनी खाल्ली तर त्याचा अंश दुधापर्यंत पोहोचतो. कारखान्यातील शुद्धीकरणात, विशेषतः क्षाराच्या प्रक्रियेत, तेलातील हे विष बहुतांशी निघून जाते. घाण्याच्या तेलाला असा मागाहूनचा आधार नाही. म्हणून त्याची शुद्धता दाणा घाण्यात पडण्यापूर्वीच ठरलेली असते. ‘घाण्याचे, म्हणून निर्दोष’ ही समजूत भाबडी आहे. ‘निवडलेल्या, वाळलेल्या दाण्याचे, म्हणून निर्दोष’ असे म्हणावे.

मग आम्ही घाण्यापाशी गेलो. बैल आता नाही. विजेच्या मोटारीने लाकडी उखळ सावकाश, मिनिटाला दहा-पंधरा फेऱ्यांच्या गतीने फिरते. त्यात तिरकी उभी केलेली जाड लाट दाण्यांना उखळाच्या भिंतीशी दाबून चिरडते. एका वेळी पंधरा-वीस किलो दाणे पडतात. ते भरडले गेले की अण्णांचा धाकटा मुलगा ओंजळभर पाणी शिंपडतो. तेलाच्या घाण्यात पाणी कशाला, असे आम्ही विचारताच त्याने सांगितले, की पाण्याच्या त्या हबक्याने चोथा एकत्र बांधला जातो आणि तेल सुटे होते. पाणी जास्त झाले तर मात्र घाणा बिघडतो. हे प्रमाण हाताला ठाऊक असते. पाऊण तास ते तासाभरात तेल वर तरंगते आणि पेंड उखळाच्या कडेला घट्ट बसते. उखळाला हात लावून पाहिला तर ते कोमट होते, तापलेले नव्हते. बैलाच्या घाण्यावर एवढ्याच कामाला दीड-दोन तास लागत, असे अण्णा म्हणाले.

घाण्याची सुधारणा हा आपल्या देशात एके काळी मोठ्या आस्थेचा विषय होता. महात्मा गांधींच्या प्रेरणेने १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याच्या वर्धा येथील केंद्रात झवेरभाई पटेल यांनी जुन्या घाण्याचा अभ्यास करून अधिक तेल देणारा ‘वर्धा घाणा’ सिद्ध केला. पुढे तेलगिरण्यांतील एक्स्पेलर यंत्रे आली. त्यांत मळसूत्रासारख्या दांड्याने दाण्यावर भारी दाब पडतो, उष्णता वाढते आणि तेलही अधिक निघते. त्यानंतर तिसरी रीत आली. तीत हेक्झेन नावाच्या द्रावकात पेंडीतील उरलेसुरले तेल विरघळवून घेतात, तो द्रावक उडवून लावतात आणि तेलाचे शुद्धीकरण करतात. असे तेल शुद्धीकरणावाचून थेट खाण्यासाठी विकण्यास कायद्याने मनाई आहे. शुद्ध केलेले तेल रंगहीन, गंधहीन, टिकाऊ आणि स्वस्त असते. ते काही विष नव्हे, आणि घाण्याचे तेल म्हणजे काही औषध नव्हे. दोन्हींच्या बाबतीत अतिशयोक्ती करणारे पुष्कळ आहेत. दोन्ही वस्तू भिन्न आहेत, त्यांचा खर्च भिन्न आहे, म्हणून त्यांची नावे आणि भावही भिन्न असले पाहिजेत, इतकेच.

भावाची गोष्ट निघाली तेव्हा अण्णांनी वही उघडली. शंभर किलो निवडलेल्या दाण्यात तेलाचा अंश निम्म्याच्या जवळपास असतो. परंतु लाकडी घाण्यातून हाती येते ते चाळीस किलोच्या आसपास. सत्तावन्न-अठ्ठावन्न किलो पेंड निघते, बाकी ओल आणि गाळात जाते. म्हणजे एक किलो तेलास अडीच किलो दाणे लागले. उदाहरणादाखल दाण्याचा भाव किलोस १०० रुपये आणि पेंडीचा ४० रुपये धरू. अडीच किलो दाण्याचे २५० रुपये झाले. त्यातून सुमारे १.४ किलो पेंडीचे ५६ रुपये वजा केले, म्हणजे नुसत्या मालाचीच किंमत १९४ रुपये. त्यावर निवडणावळ, वीज, डबा, वाहतूक आणि घरच्या माणसांचे श्रम. आता जो कोणी हेच तेल १६० रुपये किलोने देऊ करील, त्याच्या डब्यात सारे तेल शेंगांचे असणे शक्य आहे काय? दाण्याचे आणि पेंडीचे भाव रोज बदलतात. हिशेबाची रीत बदलत नाही. एक सूक्ष्म भेदही ध्यानी ठेवावा : एक लिटर शेंगदाणा तेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम भरते. लिटरचा भाव आणि किलोचा भाव यांत गल्लत करणारा गिऱ्हाईक शेकडा नऊ नकळत गमावतो.

अण्णा म्हणाले, “लोक म्हणतात, तुमचं तेल महाग. आमचं तेल महाग नाही हो, दाणा महाग आहे. मिसळ केली तर उद्याच स्वस्त देतो. मग घाणा कशाला फिरवायचा?” हे बोलताना त्यांचा स्वर चढला नव्हता. परंतु थोरला मुलगा जवळच मान खाली घालून डबे पुशीत होता. शेजारच्या बाजारात निम्म्या भावात ‘घाण्याचे तेल’ मिळत असताना हा धंदा पुढच्या पिढीने करावा की नाही, हा प्रश्न त्या घरात अजून सुटलेला नाही, हे न सांगताही कळले.

आपला देश सांप्रत खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक तेल परदेशांतून आणतो आणि त्यात पामतेलाचा वाटा सर्वांत मोठा असतो. हे स्वस्त तेल महागड्या तेलात मिसळण्याचा मोह त्यातूनच उद्भवतो. दोन तेलांचे मिश्रण हा स्वतःच गुन्हा नव्हे. नियमानुसार परवाना घेऊन, वेष्टनावर तेलांची नावे व प्रमाण छापून ते विकता येते. गुन्हा आहे तो लपविण्याचा. आणि लपविलेली भेसळ कोठवर जाईल याचा भरवसा नसतो. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळले गेले. त्यापायी शेकडो लोक सुजेच्या रोगाने अंथरुणाला खिळले आणि अनेक दगावले.

आपल्या धर्मग्रंथांनी या व्यवसायाकडे सावधपणेच पाहिले आहे. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत ‘यंत्रपीडन’ सांगितले आहे, ते यंत्रात बीज पिळताना होणाऱ्या जीवहिंसेमुळे. आणि अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत खोट्या मापांच्या जोडीला ‘प्रतिरूपक व्यवहार’, म्हणजे भारी वस्तूत हलकी मिसळून विकणे, हेही गणले आहे. पहिला विचार घाणा चालविणाऱ्यासाठी आहे आणि त्याचे थोडे तरी उत्तर त्या दोन सुनांच्या सुपात, किडका दाणा घाण्यात न जाऊ देण्यात आहे. दुसरा मात्र घाणा न चालविणाऱ्या, केवळ गल्ल्यावर बसणाऱ्या आपणा सर्वांसाठी आहे.

शेवटी चव. घाण्यातून काढलेले तेल दोन-चार दिवस स्थिर ठेवतात. गाळ तळाशी बसला की वरचे निवळ तेल कापडातून गाळून घेतात. वहिनींनी ताज्या व निवळलेल्या तेलाच्या दोन वाट्या, गरम ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पुढे ठेवली. ताजे तेल गढूळ, परंतु वास भरून राहणारा. निवळलेले सोनेरी आणि सौम्य. मग तिसरी वाटी आली. तीत कित्येक महिने उन्हाशी राहिलेले तेल मुद्दाम ठेवले होते. त्याचा खवट वास जिभेपर्यंत जाण्याआधीच नाकाला कळला. घाण्याचे तेल तीन-चार महिन्यांत संपवावे आणि उन्हापासून दूर ठेवावे, हे सांगण्याची वेगळी आवश्यकता उरली नाही.

व्यापारी बंधूंना एवढीच विनंती आहे. ज्यांच्या दुकानी तेल विकले जाते त्यांनी वर्षातून एकदा तरी आपला माल जेथून येतो तेथे जावे, शक्य तर मुलाबाळांसह जावे. दाणे कोण निवडतो, कोठे वाळतात, पेंड कोण नेतो, हे विचारावे. दाण्याचा आणि पेंडीचा त्या दिवसाचा भाव मांडून हिशेब करावा. शंका आल्यास नमुना प्रयोगशाळेत द्यावा. शेंगदाणा तेलात अन्य तेल मिसळले आहे की काय, याची रासायनिक परीक्षा उपलब्ध आहे. आणि गिऱ्हाईकाने ‘इतके महाग का?’ असे विचारले, तर त्यास अडीच किलो दाण्यांचा हिशेब शांतपणे सांगावा. आम्ही निघालो तेव्हा अण्णांनी डब्यावर तारीख आणि दाण्याच्या खरेदीचा भाव लिहून दिला होता. तो डबा घरी संपला आहे. वरची चिठ्ठी मात्र अजून आमच्या खातेवहीत जपून ठेवली आहे.