मशीन म्हणतं ‘ओके’, मग स्टेअरिंग का थरथरतं?

नगर-मनमाड रोड. गाडी साठला असेपर्यंत सगळं शांत. ऐंशीला गेली की स्टेअरिंग हातात थरथरायला लागतं. चाकं जरा बाहेर दिसावीत, लूक यावा म्हणून आमच्या ग्रुपमधल्या एकाने गाडीला स्पेसर टाकले आणि दुसऱ्याच दिवशी हे सुरू झालं. दोनदा बॅलन्सिंग झालं, एकदा अलाइनमेंट. मशीन म्हणतं ओके, गाडी म्हणते नाही!

तुमचंही असंच झालंय? मग एक गोष्ट लक्षात घ्या. बॅलन्सिंग मशीनवर चढतं फक्त चाक. स्पेसर गाडीच्या हबवरच राहतो. म्हणजे ज्याच्यावर संशय, त्याची तपासणी होतच नाही.

स्पेसर म्हणजे हब आणि चाक यांच्यामधली धातूची चकती. कंपनीचं चाक हबच्या मधल्या उंचवट्यावर नेमकं बसतं. ‘सगळ्या गाड्यांना चालते’ म्हणून मिळणाऱ्या चकतीचं भोक बऱ्याचदा मोठं असतं. ती जाड असली तर उंचवटाही झाकला जातो. मग चाक नुसत्या नटांच्या भरवशावर राहतं आणि मध्य चुकतो. ताशी ८० किलोमीटरला छोट्या गाडीचं चाक सेकंदाला साधारण १२ वेळा फिरतं. केसभर चूकही मग हाताला जाणवते.

शोधायचं कसं? थरथर स्टेअरिंगला असेल तर बहुधा पुढची चाकं, सीटखाली असेल तर मागची. फक्त ब्रेक दाबल्यावर होत असेल तर आधी ब्रेकची डिस्क बघा. मग मेकॅनिककडून स्पेसर काढून घ्या आणि त्याच रस्त्यावर, त्याच स्पीडला गाडी चालवा. थरथर थांबली? चोर सापडला. नाही थांबली? मग वाकलेली रिम, टायरचा फुगवटा, बेअरिंग तपासा.

मित्राच्या गाडीचा स्पेसर निघाला तेव्हा हबवर गंजाचा पापुद्रा होता. पण खरा धक्का वेगळाच. जुन्याच स्टडवर चकती बसवल्यामुळे नट जेमतेम साडेतीन वेढे चढले होते. १२ मिलिमीटरच्या स्टडवर नट निदान तेवढाच खोल, म्हणजे आठ-दहा वेढे चढायला हवा. मेकॅनिककाका म्हणाले, “पोरांनो, हे चाक देवानेच धरलं होतं.” त्याच गाडीतून आदल्या रविवारी आम्ही पाच जण शिर्डीला जाऊन आलो होतो.

तरीही स्पेसर हवाच असेल, तर आपल्या हबच्या मापाचा आणि स्वतःचा उंचवटा असलेला घ्या. हब ब्रशने घासून घ्या. नट समोरासमोरचे आवळा, तेही टॉर्क पान्याने. ५०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

आपल्या नगरात डीआरडीओची व्हीआरडीई आहे, तिथे गाड्यांची कसून चाचणी होते. आपण मात्र न तपासलेल्या चकतीवर चार मित्रांचा जीव ठेवतो. स्टेअरिंग थरथरलं तर गाण्याचा आवाज वाढवू नका. गाडी बाजूला घ्या आणि आधी नट बघा.