संगणकात काय घालावे, कुठून आणावे

एका गावात बायकांचा बचत गट आहे. गटाच्या अध्यक्षीणबाईंना सारे गाव अक्का म्हणते. गटाचे हिशेब पूर्वी वहीत होते. आता ते संगणकात आहेत. कोणी किती भरले, कोणाला किती कर्ज दिले, कोणाचे किती फिटले, सारे त्यात आहे.

एक दिवस अक्कांचा पुतण्या धावत आला. म्हणाला, "काकू, हिशेबाचं नवं सॉफ्टवेअर सापडलंय. फुकट आहे! संगणकात एक ओळ टाकायची, पासवर्ड द्यायचा, की झालं."

अक्का म्हणाल्या, "थांब जरा. कुणी केलंय ते? आपल्या माहितीतला आहे का?"

पुतण्याला काही सांगता येईना. मग दोघे शाळेतल्या मास्तरांकडे गेले. मास्तरांनी जे सांगितले, ते तुमच्या-आमच्याही उपयोगाचे आहे.

सॉफ्टवेअर म्हणजे काय?

संगणक हे नुसते यंत्र. काय करायचे ते त्याला सांगावे लागते. त्या सूचनांनाच सॉफ्टवेअर म्हणतात. हिशेबाचे सॉफ्टवेअर वेगळे, पत्र लिहिण्याचे वेगळे. पण सर्वांच्या मुळाशी एक मोठे सॉफ्टवेअर असते. तेच सारे यंत्र चालवते. अक्कांच्या संगणकावर ते काम लिनक्स करते.

लिनक्सचा जन्म फिनलंड देशातला. हेलसिंकी शहरी लिनस टोरवाल्ड्स नावाचा एक विद्यार्थी शिकत होता. १९९१ साली त्याने लिनक्सचा गाभा लिहिला आणि लोकांपुढे ठेवला. जगभरच्या माणसांनी त्यात भर घातली. ते कोणीही घ्यावे, सुधारावे, दुसऱ्याला द्यावे, अशी मोकळीक आहे. हा गाभा आणि लागणारी बाकीची सॉफ्टवेअरे एकत्र बांधून देणारे लोकही पुढे आले. १९९३ साली डेबियन सुरू झाले. २००४ साली डेबियनच्याच पायावर उबुंटू निघाले. अक्कांच्या संगणकावर उबुंटू आहे.

सही आणि ठसा

मास्तरांनी विचारले, "अक्का, पेरणीला बी कुठून घेता?"

"खात्रीच्या दुकानातून. पिशवीची शिलाई बघते. प्रमाणित बियाण्याची निळी चिठ्ठी बघते."

"आणि रस्त्यावर कुणी सुटं बी स्वस्तात देऊ लागला तर?"

"नाही बाई घेणार! उगवलं नाही तर वर्ष वाया गेलं."

मास्तर हसले. "मग संगणकाचंही तेच," ते म्हणाले.

उबुंटूचे स्वतःचे एक भांडार आहे. त्यात हजारो सॉफ्टवेअरे आहेत. इंटरनेटवरून ती घरबसल्या मिळतात. त्या भांडारातल्या मालाची एक यादी असते. यादीवर भांडारवाल्यांची सही असते. ही सही शाईची नव्हे, आकड्यांची. ती करण्याची गुप्त किल्ली फक्त त्यांच्याकडे असते. पण ती सही ओळखण्याची खूण तुमच्या संगणकात पहिल्यापासून असते.

यादीत प्रत्येक सॉफ्टवेअरचा ठसाही दिलेला असतो. अंगठ्याचा ठसा जसा ज्याचा त्याचा वेगळा, तसाच हा. आतले एक अक्षर जरी कोणी बदलले, तरी ठसा जुळत नाही. मग संगणक तो माल घेत नाही. ही तपासणी संगणक आपली आपण करतो.

पण पुतण्याने आणलेल्या ओळीचे तसे नाही. तिला ना सही, ना ठसा. आणि तिच्यासाठी पासवर्ड द्यायचा होता! हा पासवर्ड म्हणजे घराच्या किल्ल्यांचा जुडगाच. तो मिळाला की सॉफ्टवेअरला संगणकात काहीही करता येते. हिशेब वाचता येतात, पुसता येतात. चोराला पुन्हा आत यायला मागचे दारही ठेवता येते.

हे होत नाही असे समजू नका. लिनक्स मिंट नावाचा लिनक्सचा एक प्रकार आहे. २० फेब्रुवारी २०१६ रोजी चोरांनी त्याच्या संकेतस्थळात शिरकाव केला. तिथून लोक लिनक्सची प्रत घेत असत. चोरांनी लोकांना आपल्या खोट्या प्रतीकडे वळवले. त्या प्रतीत मागचे दार होते. नाव ओळखीचे, पण माल भलताच! म्हणून नुसत्या नावावर जाऊ नये. सही तपासावी.

कधी कोणी सांगतो, "माझं भांडार तुमच्या संगणकाला जोडा." तेही विचार करूनच जोडा. एकदा जोडले की त्याची सही तुमचा संगणक पुढेही मानत राहतो.

वेळोवेळी दुरुस्ती

चांगले सॉफ्टवेअर घेतले म्हणजे काम संपले का? नाही. पावसाळ्याआधी आपण घर शाकारतो. कौल कुठे सरकले ते बघतो. सॉफ्टवेअरमध्येही भोके राहतात. ती मागाहून सापडतात. सापडली की दुरुस्ती निघते. तिलाच अपडेट म्हणतात.

२०१४ च्या एप्रिलमध्ये असेच एक मोठे भोक उघडकीस आले. त्याला हार्टब्लीड असे नाव पडले. इंटरनेटवरची गुप्त बोलणी झाकून ठेवणारे ओपनएसएसएल नावाचे सॉफ्टवेअर आहे. भोक त्यातच होते, आणि दोन वर्षे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. बातमी फुटली त्याच दिवशी दुरुस्तीही निघाली. पण भोक कुठे आहे ते आता चोरांनाही कळले. ज्यांनी दुरुस्ती घेतली नाही, त्यांचे दार उघडेच राहिले. म्हणून अपडेट आले की फार दिवस टाळू नका.

अपडेट कसे करावे?

उबुंटूत 'सॉफ्टवेअर अपडेटर' नावाची सोय आहे. ती उघडा. ती नवी दुरुस्ती शोधते आणि तुम्हाला विचारते. तुम्ही हो म्हणा.

दुसरी रीत टर्मिनलची. तिथे दोन आज्ञा इंग्रजी अक्षरांत लिहायच्या. पहिली 'सुडो ॲप्ट अपडेट'. हिने भांडाराची ताजी यादी येते, माल येत नाही. दुसरी 'सुडो ॲप्ट अपग्रेड'. हिने नवा माल येतो. पहिली आज्ञा देऊन थांबलात, तर दुरुस्ती झालीच नाही! टर्मिनलमध्ये पासवर्ड लिहिताना पडद्यावर त्याची अक्षरे दिसत नाहीत. घाबरू नका. तो आत जात असतो.

काळजी मात्र घ्या. आधी हिशेबाची एक प्रत पेनड्राइव्हवर काढा. वीज जाण्याच्या वेळी अपडेट सुरू करू नका. लॅपटॉप असेल तर विजेला जोडून ठेवा. अपडेट चालू असताना संगणक बंद करू नका. गाभा बदलला असेल तर शेवटी संगणक बंद करून पुन्हा सुरू करा. त्याशिवाय नवा गाभा कामाला लागत नाही.

आणखी एक गोष्ट. दर दोन वर्षांनी, एप्रिल महिन्यात, उबुंटूची टिकाऊ आवृत्ती निघते. तिला पाच वर्षे दुरुस्ती मिळते. २०२४ च्या एप्रिलात निघालेल्या आवृत्तीला २०२९ पर्यंत मिळेल. मुदत संपण्याआधी पुढची आवृत्ती घ्यावी.

सारे ऐकून पुतण्याने भांडारात शोध घेतला. ग्नूकॅश नावाचे हिशेबाचे सॉफ्टवेअर तिथेच मिळाले. तेही फुकट!

अक्का म्हणाल्या, "बघ, घरच्या भांडारात होतं. उगाच रस्त्यावरचं आणत होतास." मग त्यांनी हिशेबाची प्रत काढून घेतली. पेनड्राइव्ह कपाटात ठेवला. त्यानंतरच पुतण्याला म्हणाल्या, "हं, आता घाल."

त्या हिशेबात साऱ्या बायकांच्या घामाचा पैसा आहे. तुमच्या संगणकातही असेच काही मोलाचे असेल. तेव्हा कोणी पासवर्ड मागितला, तर आधी विचारा, "माल कुणाचा? सही कुणाची?"